मेश्रामांची निळी वायर

मेश्राम इंटरनेटला कधी इंटरनेट म्हणाले नाहीत. वारज्याच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी बरोबर त्यांच्या खाली, दुसऱ्यावर. ऑफिसातून आले, हातपाय धुतले, की ते गॅलरीत येत, कठड्यावरून खाली वाकत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "काका, पाणी सोडा जी!" मी आत जाऊन कॉम्प्युटर सुरू करायचो आणि ओरडून सांगायचो, "सोडलं!" रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, टाकीची चावी या म्हाताऱ्याच्याच घरात दिसते. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी तर मला फाटकात गाठून विचारलं होतं, "अहो, आम्हाला सकाळचं पाणी पुरत नाही आणि तुम्ही यांना संध्याकाळीही सोडता?"

ही हाक एका दुपारी शेवटची आली आणि त्या दुपारी मी तिला खोटं उत्तर दिलं. त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी मेश्राम कसे होते ते सांगायला हवं. आमच्या सोसायटीत आजही त्यांचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगतात आणि ती गोष्ट खरी नाही.

मेश्राम भंडाऱ्याकडचे. नागपुरात इंजिनिअर झाले आणि पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. मेश्रामवहिनी शाळेत गणित शिकवत. राहायला आले तेव्हा टेम्पोतून भांड्यांपेक्षा पुस्तकांची खोकी जास्त उतरली, आणि वायरींची भेंडोळी. त्यांच्या बैठकीत बुद्धाची एक मूर्ती होती आणि तिच्या शेजारी, तितक्याच मानानं, एक उघडा कॉम्प्युटर असे. त्याचं झाकण मी कधी बसवलेलं पाहिलं नाही. "झाकून ठेवलं का मग आपण पाहाचं सोडून देतो, काका," ते म्हणायचे.

मी तेव्हा पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालो होतो. धाकटा मुलगा केदार इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षाला होता आणि त्याच्या हट्टापायी मी ब्रॉडबँड घेतलं. आमच्या रस्त्यावर ते तेव्हा नवीनच होतं. दुसऱ्याच दिवशी मेश्राम खाली आले. चपला दाराबाहेर काढल्या, भिंतीवरचा तो मोडेम निरखून पाहिला आणि म्हणाले, "काका, नळ तुमचा, पण तिघाईची तहान भागते यात." तिघं म्हणजे मी, ते आणि पहिल्या मजल्यावरचे लिमये. लिमये सोसायटीचे सेक्रेटरी. गच्चीवरून वायर नेण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध होता, तो बिल वाटून घ्यायचं म्हटल्यावर मावळला. तरी जिन्यात त्यांची पाटी लागलीच: "गच्चीतील वायर ही कपडे वाळत घालण्याची दोरी नव्हे. ज्यांना फरक कळत नाही त्यांनी गच्चीवर जाऊ नये."

तो रविवार मला अजून दिसतो. मेश्राम आमच्या हॉलमध्ये मांडी घालून बसले होते. वायरच्या आत आठ बारीक तारा असतात. त्या ते रंगांप्रमाणे ओळीत लावत आणि टोकाला पारदर्शक प्लास्टिकचं बोंड दाबून बसवत. लिमयांसाठी करडी वायर, स्वतःसाठी निळी. आमच्या कॉम्प्युटरशेजारी त्यांनी एक छोटा डबा ठेवला. त्यात दोन्ही घरांच्या वायरी येऊन बसल्या. वायर नीट बसली की डब्यावर तिच्यापुरता हिरवा दिवा लागे. पण बसवण्याआधी ते वायरचं प्रत्येक टोक तपासत. एक टोक खाली तपासलं की जिना चढून वर जात, दुसरं टोक तपासत, पुन्हा खाली येत. मी म्हटलं, "अहो, एवढं काय त्यात? लागेल ती." ते म्हणाले, "दोन्ही टोकं पाहाची, काका. एक टोक पाहून वायर चांगली हाय म्हणणारा माणूस भांडण लावते."

केदार त्यांच्यासमोर उकिडवा बसून सगळं बघत होता. त्याला ते समजावून सांगत होते, की घरात आपली तीन मशीनं, तिघांचे तीन नंबर. पण बाहेर गेलं की सगळं एकच. "तिकडून पाहणाऱ्याले फक्त तुह्या बाबांचं घर दिसते."

"म्हणजे आत कुणी काय केलं ते बाहेर कळतच नाही?" केदारनं विचारलं.

"नाही ना. म्हणून तर भरोशाच्याच माणसाईत वाटून घ्याचं असते."

सुनंदा, माझी पत्नी, चहा घेऊन आली. मेश्राम दर वेळी चहाची तारीफ करत: "रंग पुण्याचा, साखर आमच्या भंडाऱ्याची." त्यांच्या चहाचा कप आमच्या बाकीच्या कपांतला नसे, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. त्यांच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं असणार. तारीफ मात्र त्यांनी कधी थांबवली नाही.

माणूस असा होता, की आमचा कॉम्प्युटर रुसला की बोलवायच्या आधी हजर. सुनंदाचे गुडघे धरलेले, तिला बहिणीकडे जाणं होत नसे. मेश्रामांनी तिला बहिणीच्या नातवाचे फोटो पडद्यावर कसे बघायचे ते शिकवलं. ती माउस उचलून हवेत धरायची, आणि ते न हसता म्हणायचे, "खाली ठेवा, मावशी, तो चालते, उडत नाही." लिमयांनासुद्धा ते शिकवत. लिमये विचारत, "हे बंद कसं करायचं, ते आधी सांगा. सुरू करणं मूर्खालाही येतं." मेश्राम म्हणत, "मंग आपण मधून सुरू करू."

आता माझ्याबद्दल. वाटून घ्यायला मी हो म्हटलं होतं खरं, पण नळ माझ्या घरात होता आणि त्याचा एक माज माझ्यात शिरला. केदार म्हणायचा, "बाबा, फार स्लो झालंय. वरचे काका काहीतरी मोठं डाउनलोड करत असणार." मग मी डब्याकडे जायचो. निळ्या वायरीच्या बोंडाला एक छोटी खिट्टी होती. ती दाबली की वायर टक् करून सुटायची आणि हिरवा दिवा विझायचा. थोड्याच वेळात वरून हाक यायची, "काका, पाणी गेलं काय जी?" मी गॅलरीत जाऊन चेहरा पाडून म्हणायचो, "इथंही नाही हो. कंपनीकडूनच बंद दिसतंय." ते म्हणायचे, "बरं जी," आणि आत जायचे. केदारचं काम झालं की मी वायर पुन्हा खोचायचो. हे मी एकदाच केलं असं नाही. सुनंदाला ते आवडत नसे. "त्यांनीच जोडून दिलंय हो," ती म्हणायची. मी म्हणायचो, "पाच मिनिटांनी काय बिघडतंय?" त्या खिट्टीचा आवाज मला आवडायला लागला होता.

त्याच वर्षी मेश्रामांनी आपल्या कंपनीत केदारसाठी शब्द टाकला. केदार मुलाखतीला गेला, त्यांचं ते काचेचं ऑफिस आणि कँटीन बघून भारावून आला. पण त्याची निवड झाली नाही. मेश्राम स्वतः खाली येऊन म्हणाले, "पुढच्या खेपेले होईल, बेटा. इंग्रजीत अडखळला, तेवढंच." केदार त्यांच्यासमोर हसला. ते गेल्यावर त्यानं दार आपटलं. "काकांनी मनावर घेतलं असतं तर झालं असतं," तो म्हणाला. मी त्याला गप्प करायला हवं होतं. मी म्हणालो, "असतात अशी माणसं."

मेश्रामांना कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. कागदपत्रांसाठी त्यांनी रजा काढली होती. लिमये घराला कुलूप लावून मुलीकडे सांगलीला गेले होते. अशा एका दुपारी केदार कॉम्प्युटरवर बसला होता, पाठ माझ्याकडे. "बाबा, आज फार स्लो आहे," तो म्हणाला. मी पेपर बाजूला ठेवला, डब्याकडे गेलो आणि निळी वायर काढली. टक्. दिवा विझला. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "काका, पाणी गेलं काय जी? व्हिसाचं पाहून राहिलो होतो."

"इथंही नाही हो," मी म्हणालो.

"बरं जी."

माझ्या मागे केदारची बोटं टकटक चालली होती.

दोन दिवसांनी एक फौजदार आणि एक हवालदार आमच्या दारात उभे राहिले. त्याच दुपारी मेश्रामांच्या कंपनीला बॉम्ब ठेवल्याचा निनावी मेल आला होता. सगळं ऑफिस रिकामं करून माणसं उन्हात रस्त्यावर उभी केली होती. मेलमध्ये कँटीन कुठल्या मजल्यावर आहे ते बरोबर लिहिलेलं होतं. आणि मेल आला होता माझ्या नावावरच्या कनेक्शनवरून.

मी केदारकडे पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला विचारायची गरज उरली नाही.

"घरात कोण कोण कॉम्प्युटर वापरतं?" फौजदारांनी विचारलं.

"मी. थोडंफार. मुलगा त्या दुपारी लायब्ररीत होता." हे मी इतक्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. "पण साहेब, हे कनेक्शन तीन घरांत आहे. लिमये सांगलीला होते."

"आणि तिसरे?"

"वर. ते त्या दिवशी घरी होते. रजेवर. कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत." मी थांबलो. मग म्हणालो, "त्याच कंपनीत."

"नाव?"

"मेश्राम."

फौजदारांनी हवालदाराकडे पाहिलं. "कुठले?" त्यांनी विचारलं. मी भंडाऱ्याचे म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू हिशोब जुळला. पुढे मला काही सांगावं लागलं नाही. नाव ऐकल्यावर लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. ते जिना चढून वर जाताना बुटांचा आवाज येत राहिला आणि मी दार लावून घेतलं.

केदार स्वयंपाकघरात रडायला लागला. "त्या कंपनीवाल्यांना फक्त दुपारभर उन्हात उभं करायचं होतं, बाबा. मला वाटलं, कुणाला कळणार नाही. काकाच म्हणाले होते ना, बाहेरून सगळे एकच दिसतात." सुनंदानं त्याला जवळ घेतलं. "याचं सगळं आयुष्य जाईल हो," एवढंच ती म्हणाली. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

मेश्रामांचा तो उघडा कॉम्प्युटर पोलीस घेऊन गेले. त्यांनाही नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. आमचा कॉम्प्युटरही बघू म्हणाले होते. त्याआधीच केदारनं तो पुसून कोरा केला. पण बघायला कुणी आलंच नाही. मेश्रामांच्या कॉम्प्युटरवर काही सापडलं नाही, आणि न सापडणं हाच त्यांच्या हुशारीचा पुरावा ठरला. कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं, की बढतीवरून ते नाराज होते. लिमये सांगलीहून परतले आणि जिन्यात म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, गच्चीवरून वायरी नकोत. पण इथं सेक्रेटरीचं ऐकतंय कोण? अमेरिकेला निघाले होते, आता चौकीपर्यंत तरी पोचले." सगळे हसले. मीही हसलो.

मला चौकीत जबाबाला बोलावलं. फौजदार म्हणाले, "मेश्राम म्हणतात, त्या दुपारी त्यांचं नेट बंद होतं. त्यांनी वरून हाक मारून तुम्हाला विचारलं आणि तुम्हीही बंद आहे म्हणालात. खरं आहे?"

हो म्हणायचं, तर वायर मी काढली होती हे सांगावं लागणार होतं. वायर काढलेली होती, तर मेल वरून जाऊच शकत नव्हता. मग उरत होतं एकच घर.

"आमच्याकडे तर चालू होतं," मी म्हणालो. "तसं काही बोलल्याचं मला आठवत नाही."

त्याखाली मी सही केली.

मेश्राम मला जिन्यात भेटले. दाढी वाढलेली, हातात दुधाची पिशवी. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काका, मी हाक मारली होती ना जी, त्या दिवशी?"

"मारली असेल," मी म्हणालो. "तुम्ही तर रोजच मारता."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात बघताना बघायचे, तसे. मग म्हणाले, "बरं जी," आणि वर गेले.

पुढच्या रविवारी ते गच्चीवर एकटेच गेले. गच्चीवरून जिन्याच्या भिंतीनं आमच्या मजल्यापर्यंत आलेली ती सगळी निळी वायर त्यांनी हातातून सरकवत तपासली, बोटांनी दाबून दाबून, कुठे तुटली आहे का, उंदरानं कुरतडली आहे का. मी दार किलकिलं करून बघत होतो. ते आमच्या जिन्याकडच्या खिडकीपर्यंत आले, जिथून वायर माझ्या घरात शिरत होती. तिथे थांबले. मी आत सरकलो. वाटलं, आता बेल वाजेल. बेल वाजली नाही.

त्यांच्यावर खटला कधी झाला नाही. पण अमेरिका गेली आणि मग कंपनीनं राजीनामा मागून घेतला. चौकशीत नाव आलेल्या माणसाला दुसऱ्या कंपन्या नमस्कार करून परत पाठवत. ते घर विकून वाघोलीला गेले. टेम्पो भरला त्या दिवशी वहिनी सुनंदाचा निरोप घेऊन गेल्या. मेश्राम खाली टेम्पोपाशी उभे होते. त्यांनी वर माझ्या गॅलरीकडे पाहिलं. मी पडद्यामागे होतो. माझ्या डब्यात ती निळी वायर कितीतरी दिवस तशीच खोचलेली होती, दुसऱ्या टोकाला कुणी नसताना. केदारला वर्षभरात नोकरी लागली आणि पुढे तो अमेरिकेला गेला. फोनवर आम्ही सगळं बोलतो, एवढं सोडून.

पुढे सुनंदा गेली. शेवटच्या आजारपणात तिनं एकदा विचारलं होतं, "मेश्रामांचा पत्ता आहे का हो तुमच्याकडे?" मी नाही म्हणालो. वाघोली काही दूर नव्हती.

गेल्या वर्षी पेपरात निधनाच्या जाहिरातींत मेश्रामांचा फोटो पाहिला. खाली पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ आणि वाघोलीतल्या एका बुद्धविहाराचा पत्ता होता. मी रिक्षा करून गेलो. विहार तरुण मुलामुलींनी भरलेलं होतं. मेश्राम तिथल्या एका कॉलेजात शिकवत होते, हे मला तिथेच कळलं. एक मुलगी बोलायला उभी राहिली. म्हणाली, "सर पहिल्या तासाला आम्हाला एक वायर द्यायचे आणि विचारायचे, ही चांगली की खराब? आम्ही बघून काहीतरी सांगायचो. सर म्हणायचे, एकच टोक पाह्यलं ना? दुसरं कोणाच्या हातात हाय ते पाह्यलं का?" मुलं रडता रडता हसली. मी भिंतीला टेकून उभा होतो. कुणीतरी मला खुर्ची दिली.

कार्यक्रम झाल्यावर मी वहिनींपुढे जाऊन उभा राहिलो. केस पांढरे झाले होते, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. "काका," त्या म्हणाल्या.

"वहिनी, ती वायर चांगली होती," मी म्हणालो. एवढ्या वर्षांनी तोंडातून तेच वाक्य आधी निघालं. "त्या दुपारी मी काढली होती. मेल केदारनं केला होता."

त्या जराही चमकल्या नाहीत. आजूबाजूला सतरंज्या गोळा करणं चाललं होतं.

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्या रविवारी गच्चीवरून आले आणि म्हणाले, वरचं टोक पाह्यलं, मधलं सगळं पाह्यलं. खालचं टोक काकांच्या घरात हाय."

"मग ते पोलिसांना का नाही बोलले? मला का नाही विचारलं?"

"विचारलं होतं ना तुम्हाला. जिन्यात." वहिनींनी पदर सारखा केला. "पोलिसांपुढं त्यांचा शब्द काय होता, काका? एकदा सांगून पाहिलंच होतं. मी रोज म्हणायची, जा, दार वाजवा, भांडा. ते म्हणायचे, थांब थोडं. काका सांगतील."

पायाखालची सतरंजी गोळा करायला मुलं आली, मी बाजूला झालो.

"वाघोलीला आल्यावरही किती दिवस म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मग म्हणणं सोडलं." आणि त्या सतरंजीचं दुसरं टोक धरायला वळल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

हे लिहायच्या आधी मी केदारला फोन केला. काय लिहिणार आहे ते सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला, बाबा? काका तर गेले." मी म्हटलं, तुझ्या काकांनी वाट पाहिली, म्हणून. त्यानं लिहू नका असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी लिहिलं असतं. हे लिहून झालं की एक प्रत चौकीत देणार आहे आणि एक सोसायटीच्या जिन्यात लावणार आहे, लिमये ज्या फळ्यावर पाट्या लावायचे त्या फळ्यावर.

त्या दुपारी मेश्रामांनी मला वरून हाक मारली होती. नेट बंद आहे असं मी त्यांना सांगितलं होतं. ते फक्त त्यांच्यापुरतं बंद होतं, कारण त्यांची वायर माझ्या हातात होती.